बारावीच्या निकालाआधीच झालेला निर्णय

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अमेरिकेत पदवीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरी एक आकडेमोड सुरू होते : ९२ टक्के म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या सरासरीत, जीपीएत, चारपैकी किती? इंटरनेटवरच्या एखाद्या कॅल्क्युलेटरमध्ये टक्केवारी टाकली जाते, ३.६८ असे उत्तर येते आणि त्यावर कॉलेजांची यादी बेतली जाते. हे गणित चुकीचे आहे आणि बहुतेक कॉलेजांनी ते मागितलेलेही नसते. त्याहून गंभीर बाब अशी की, ज्या बारावीच्या टक्क्यांवर एवढी भिस्त ठेवली जाते, ते प्रवेशाचा निर्णय होतो तेव्हा अस्तित्वातच नसतात. या गैरसमजापायी चांगल्या मुलांचे अर्ज लंगडे पडतात. त्याबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते.

आधी वेळापत्रक पाहू. लवकरच्या फेरीचे अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत जातात, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नोव्हेंबरच्या अखेरीस आणि नियमित फेरीचे साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नियमित फेरीचे निर्णय मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला कळतात आणि विद्यार्थ्याने होकार कळवण्याची रूढ मुदत १ मे असते. आपल्या राज्य मंडळाची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०२५ मध्ये तिचा निकाल ५ मे रोजी लागला. म्हणजे होकार कळवून झाला, अनामत भरून झाली आणि मग बारावीचे गुण हाती आले. काही सरकारी विद्यापीठे त्यानंतरही अर्ज घेतात, पण नावाजलेल्या बहुतेक कॉलेजांचा क्रम असाच आहे.

मग निर्णय होतो कशावर? अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे. प्रवेश अधिकारी या चारही वर्षांचा विषयवार लेखाजोखा मागतो. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याच्यासमोर नववीचे शाळेतले गुण, दहावीचा मंडळाचा निकाल, अकरावीचे कनिष्ठ महाविद्यालयातले गुण आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे किंवा सहामाहीचे गुण येतात. यात मंडळाची परीक्षा एकच, दहावीची. बाकी सगळे शाळेने आणि ज्युनियर कॉलेजने दिलेले. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर आपली सरासरी प्रामुख्याने दहावी आणि अकरावी या दोन वर्षांच्या विषयांवरून काढते, आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ती चारपैकी किमान ३.४ असावी लागते. ही किमान पात्रता आहे. प्रत्यक्ष स्पर्धा त्याच्या बरीच वर चालते.

आता आपल्याकडे अकरावीचे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. दहावीच्या ताणानंतरचे विश्रांतीचे वर्ष, नाहीतर प्रवेश परीक्षांच्या क्लासचे पहिले वर्ष. ज्युनियर कॉलेजमध्ये हजेरी नावापुरती, घटक चाचण्या घाईत उरकलेल्या, वार्षिक परीक्षेत पास झाले की पुरे. राज्यातल्या अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशासाठी अकरावीचे गुण कोणी विचारत नाही, त्यामुळे या सवयीचा तोटा इथे दिसत नाही. अमेरिकेच्या अर्जात मात्र हेच वर्ष सर्वांत जास्त बारकाईने वाचले जाते, कारण निर्णयाच्या वेळी पूर्ण झालेले ते शेवटचे वर्ष असते. दहावीला ९४ आणि अकरावीला ६१ असा आलेख समोर आला, तर वाचणाऱ्याला दोनच शक्यता दिसतात : एकतर मुलाचा अभ्यास घसरला, किंवा या कॉलेजात गुण फार कडक दिले जातात. दुसरी शक्यता खरी असेल तर ती कोणीतरी कागदावर सांगायला हवी. कोणी सांगितलीच नाही तर पहिली गृहीत धरली जाण्याचा धोका आहे.

हे सांगण्याचे साधन म्हणजे स्कूल प्रोफाइल, अर्थात शाळेचा एक-दोन पानी परिचय. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेसोबत तो शाळेने पाठवायचा असतो. परदेशी गुण अमेरिकेत कसे वाचले जातात याचे मर्म याच कागदात आहे, तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य ज्युनियर कॉलेजांनी तो कधी तयारच केलेला नसतो. प्रवेश कार्यालयात जगाचे विभाग पाडलेले असतात आणि ठरावीक अधिकारी ठरावीक प्रदेशाचे अर्ज वाचतो. भारताचे अर्ज वाचणाऱ्याला सीबीएसई, आयसीएसई, राज्य मंडळे, तसेच केंब्रिज आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, ही नावे आणि त्यांच्या पद्धती माहीत असतात. त्याला माहीत नसते ते तुमच्या कॉलेजातल्या ७४ गुणांचे वजन. ते वजन प्रोफाइलने सांगायचे.

चांगल्या प्रोफाइलमध्ये कॉलेज कोणत्या मंडळाचे, बारावीत विद्यार्थी किती, शाखा आणि विषय कोणते उपलब्ध, उत्तीर्णतेसाठी किती गुण, वर्गात क्रमांक काढला जातो की नाही, गेल्या तीन वर्षांचे मंडळाचे निकाल कसे, एवढे तर हवेच. खरी मोलाची असते ती गुणांची विभागणी. समजा अकरावी विज्ञानात १२० विद्यार्थी आहेत. भौतिकशास्त्रात ८० च्या वर ५ जण, ७० ते ७९ मध्ये १४, ६० ते ६९ मध्ये ३१, असा तक्ता दिला तर ७४ गुणांचा विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या वीसांत आहे, हे सांगण्यासाठी वेगळ्या शिफारशीची गरज उरत नाही. आणखी एक माहिती आपल्याकडे सहज उपलब्ध असूनही कोणी देत नाही : अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशातली त्या शाखेची कट-ऑफ. ज्या तुकडीत ९३ टक्क्यांखाली कोणालाच प्रवेश मिळालेला नाही, त्या तुकडीत मधल्या क्रमांकावर असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि अमेरिकेतल्या वाचकाला ती एका ओळीत कळते.

विषय किती अवघड घेतले, हेही उपलब्धतेच्या संदर्भातच पाहतात. अमेरिकी शाळांत अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे, म्हणजे एपीचे, कॉलेजच्या पातळीवरचे वर्ग असतात आणि त्यांना जादा भार देऊन सरासरी चारच्या वर नेता येते. आपल्या ज्युनियर कॉलेजात ते नाहीत म्हणून विद्यार्थ्याचे गुण कापले जात नाहीत. शाळेत जे होते त्यातले कठीण निवडले का, एवढेच बघतात. त्यामुळे बारावीच्या वर्षात केवळ भीतीपोटी चार-चार एपी परीक्षा स्वतंत्रपणे देण्याचा खटाटोप, माझ्या मते, बहुतेकांना झेपण्यापलीकडचा आणि अनावश्यक आहे.

विषयांच्या निवडीत एक खड्डा मात्र खरोखर खोल आहे. वाणिज्य शाखेत गणित न घेणे किंवा विज्ञान शाखेत जीवशास्त्र ठेवून गणित सोडणे, हा निर्णय सोळाव्या वर्षी अकरावीच्या प्रवेश अर्जावर होतो. दोन वर्षांनी तोच विद्यार्थी अमेरिकेत व्यवसाय प्रशासन, अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्राला अर्ज करतो तेव्हा त्याच्या कागदावर अकरावी-बारावीचे गणित नसते. अनेक ठिकाणी कॅल्क्युलसपर्यंतची तयारी अपेक्षित असते. ९० टक्के असूनही अर्ज मागे पडतो, आणि घरच्यांना वाटते की टक्के कमी पडले. उलट ज्यांनी गणित घेतले आहे त्यांच्याही बाबतीत एक त्रुटी राहते. गुणपत्रिकेवर नुसते ‘गणित व संख्याशास्त्र’ असे नाव असते. त्यात अवकलन आणि संकलन म्हणजे कॅल्क्युलस शिकवले जाते, हे त्या नावावरून कळत नाही. प्रोफाइलमध्ये विषयाच्या नावापुढे दोन ओळींत अभ्यासक्रमाचा आशय लिहिला तर हा प्रश्न सुटतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विषयांच्या अटी इथे उपयोगी पडतील : हायस्कूलच्या चार वर्षांत इंग्रजी ४ वर्षे, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इतिहास-समाजशास्त्र २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, दृश्य वा प्रयोगकला १ आणि ऐच्छिक विषय १, असे पंधरा वर्षभराचे अभ्यासक्रम, तेही सी किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत. भाषेच्या रकान्यात मराठी आणि हिंदी दोन्ही चालतात. अनेक पालक त्या ‘उपयोगाच्या नाहीत’ म्हणून अर्जात लिहीतच नाहीत. नववी-दहावीचा इतिहास-भूगोल विज्ञान शाखेच्या मुलांनीही लिहायला हवा, कारण पुढे तो विषय त्यांच्याकडे नाहीच.

आता रूपांतराकडे वळतो. टक्केवारीला २५ ने भागून जीपीए काढण्याची पद्धत कोणत्याही प्रवेश कार्यालयाची नाही. अमेरिकेतल्या रूढ मापात ९० च्या वर ए म्हणजे ४, ८० ते ८९ बी म्हणजे ३, ७० ते ७९ सी म्हणजे २, ६० ते ६९ डी म्हणजे १ आणि त्याखाली नापास. आपल्याकडे ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. ही दोन मापे एकावर एक ठेवताच येत नाहीत. एकच ७४ चा आकडा घ्या : २५ ने भागले तर २.९६ येतात, अमेरिकी तक्त्यात तो सी ठरतो, म्हणजे २, आणि प्रथम श्रेणीची रेषा कुठे आहे हे जाणणारा मूल्यांकनकर्ता त्याच गुणांना बी किंवा ए देऊ शकतो. तिन्ही उत्तरे एकाच मुलाची. म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठासह अनेक संस्था स्पष्ट सूचना देतात की गुण तुमच्या शाळेने दिले तसेच लिहा, अमेरिकी पद्धतीत बदलू नका.

ही अडचण फक्त आपली नाही. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ सर्वांत वाईट. चारच्या मापात तो १ कोणी जसाच्या तसा वाचला तर देशातला उत्तम विद्यार्थी डीचा ठरेल. फ्रान्समध्ये बाकालोरेआची परीक्षा २० पैकी असते, १० ला उत्तीर्ण आणि १६ ला ‘अति उत्तम’ असा शेरा मिळतो. त्या १६ चे साधे ८० टक्के करणे हा त्या मुलावर अन्याय आहे. आयबीमध्ये कमाल ४५ आणि पदविकेसाठी किमान २४. डेन्मार्कच्या मापात १२ हा सर्वोच्च आणि तळाला उणे ३. प्रवेश अधिकारी या सगळ्या पद्धती त्यांच्या त्यांच्या मापात वाचायला शिकलेले असतात आणि त्यांच्याकडे देशवार संदर्भसाहित्य असते. अमेरिकी कुलसचिव व प्रवेश अधिकाऱ्यांच्या संघटनेची ‘एज’ ही माहितीपेढी त्यापैकीच एक.

तरीही दोन प्रकारची कॉलेजे असतात हे लक्षात घ्यावे. निवडक प्रवेश देणारी खासगी विद्यापीठे अर्ज समग्रपणे वाचतात. तिथे जीपीएचा एक आकडा नसला तरी अडत नाही. काही सरकारी विद्यापीठे मात्र किमान जीपीए आणि शिष्यवृत्तीच्या पायऱ्या ठरवून देतात. त्यांतली काही स्वतःच्या तक्त्याने रूपांतर करतात, तर काही बाहेरच्या संस्थेकडून मूल्यांकन करून मागतात. बाहेरचे मूल्यांकन मागितले असेल तर ते परदेशी प्रमाणपत्रांचे मूल्यांकन करणाऱ्यांच्या ‘नेसेस’ या संघटनेच्या सदस्य संस्थेकडूनच करून घ्यावे. डब्ल्यूईएस आणि ईसीई या त्यातल्या आपल्याकडे परिचित. अहवाल दोन प्रकारचे असतात : एकात प्रमाणपत्र अमेरिकेतल्या कशाच्या तोडीचे आहे एवढेच सांगतात, दुसऱ्यात विषयवार श्रेणी आणि सरासरी देतात. कॉलेजने कोणता मागितला आहे हे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत, कारण पहिला घेतला आणि दुसरा हवा होता, असे बऱ्याचदा घडते आणि त्यात काही आठवडे जातात. कोणी मागितलेलेच नसेल तर मूल्यांकन करून घेणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे.

कॉमन अ‍ॅपच्या अर्जात, ज्यातून आज हजाराहून अधिक कॉलेजांना अर्ज करता येतो, जीपीएचा रकाना दिसतो आणि तो भरलाच पाहिजे असे मुलांना वाटते. शाळा जीपीए काढत नसेल तर तो रिकामा सोडावा. शाळेने वर्षाची सरासरी टक्केवारी अधिकृतपणे दिलेली असेल तर मूळ मापासह तीच द्यावी. परीक्षांच्या भागात एक प्रश्न असतो : तुमच्या शिक्षणपद्धतीत राज्य किंवा राष्ट्रीय मंडळाच्या शालान्त परीक्षेवर पुढच्या वर्गात जाणे अवलंबून असते का? आपल्या मुलांनी याचे उत्तर ‘होय’ असे द्यायचे. कित्येक जण प्रश्न न कळल्यामुळे ‘नाही’ लिहितात आणि दहावीचे मंडळाचे गुण नोंदवण्याची जागाच गमावतात.

दहावीच्या गुणांबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. राज्य मंडळाची टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच धरून निघते, शिवाय क्रीडा, शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण त्यात मिळतात. त्यामुळे शंभर टक्के मिळवणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. अमेरिकी वाचकाला एकूण टक्क्यांत फारसा रस नसतो, तो विषयवार गुण पाहतो. तेव्हा अर्जात सहाही विषयांचे गुण लिहावेत, वाढीव गुण वेगळे दाखवावेत. गुणपत्रिकेच्या बेरजेत आणि अर्जातल्या आकड्यात फरक दिसला की शंका येते. तो फरक कशामुळे आहे हे एका वाक्यात सांगितले की ती राहत नाही. सीबीएसईच्या श्रेणींचेही तसेच. तिथला ए-१ ठरावीक गुणांवर मिळत नाही. उत्तीर्ण झालेल्यांतल्या वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना मिळतो. हे प्रोफाइलमध्ये लिहिले तर त्या श्रेणीचे मोल वाढते.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांसाठी खास. गुणपत्रिकेवर इंग्रजीपुढे ‘तृतीय भाषा’ असे येते. त्याचा अर्थ विद्यार्थ्याने इंग्रजीचा प्रथम भाषेपेक्षा वेगळ्या पातळीचा पेपर दिला असा होतो, आणि शिक्षणाचे माध्यम मराठी होते हे शाळेच्या पत्रात स्वच्छ लिहिलेले असावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. मराठी माध्यमातून आलेला, अकरावीपासून इंग्रजीतून विज्ञान शिकलेला आणि टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगला गुणांक मिळवलेला विद्यार्थी, हा संदर्भ अर्जाला बळ देतो. नववीचे प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद मूळ प्रतीसोबत जोडावा. अनुवादकाने फक्त अनुवाद करायचा. ‘प्रथम श्रेणी’ च्या जागी ‘ए ग्रेड’ किंवा ६८ च्या जागी ‘३.०’ लिहिलेले अनुवाद पाहायला मिळतात. ते नाकारले जातात, आणि तसे होणे योग्यच आहे.

कागदपत्रांत आपली मुले सर्वाधिक अडकतात ती दोन संस्थांमुळे. दहावीपर्यंत शाळा आणि पुढे ज्युनियर कॉलेज, म्हणजे चार वर्षांची नोंद दोन ठिकाणी. ज्युनियर कॉलेजने आपल्या लेटरहेडवर नववी-दहावीचे गुण छापून देऊ नयेत, कारण ते त्याने शिकवलेले नाहीत. दोन्ही संस्थांनी आपापल्या वर्षांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांची अधिकृत नोंद, द्यावी. शाळेची प्रत आधीच्या संस्थेची म्हणून ज्युनियर कॉलेजने आपल्या कागदांसोबत पुढे पाठवली तरी चालते. प्रत्येक ट्रान्सक्रिप्टवर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, प्रवेश आणि सोडल्याची तारीख, वर्षवार प्रत्येक विषयाचे कमाल आणि मिळालेले गुण, उत्तीर्णतेची रेषा, मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची सही, शिक्का आणि संस्थेचा अधिकृत ईमेल असावा. मोबाइलवर काढलेला प्रगतिपुस्तकाचा तिरका फोटो म्हणजे ट्रान्सक्रिप्ट होत नाही. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि पासपोर्टवर मांडणी वेगळी. नावांचा मेळ न बसल्याने कागद चुकीच्या अर्जाला लागतात किंवा कुठेच लागत नाहीत. सर्वत्र पासपोर्टचेच नाव वापरावे आणि शाळेलाही तसे सांगून ठेवावे. नववीच्या नोंदी जुन्या शाळेतून काढायला उन्हाळ्याची सुटी आडवी येते, म्हणून हे काम दहावीचा निकाल लागताच, दाखला घेताना उरकलेले बरे.

हे कागद विद्यार्थ्याने स्वतः पाठवले तर ते अधिकृत धरले जात नाहीत. कॉमन अ‍ॅपमध्ये विद्यार्थी काउन्सिलर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून शाळेतल्या व्यक्तीचे नाव देतो, त्या व्यक्तीला दुवा जातो आणि तीच ट्रान्सक्रिप्ट, प्रोफाइल आणि शाळेचा अहवाल चढवते. कॉलेजात काउन्सिलर हे पदच नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करू शकतात. ईमेल संस्थेच्या नावाचा हवा; खासगी पत्त्यावरून आलेल्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते. शिफारसपत्रे बहुधा अकरावी-बारावीत मुख्य विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची लागतात. क्लासचे सर कितीही चांगले शिकवत असले तरी ते शाळेचे शिक्षक नव्हेत, आणि ज्या मुलाने दोन वर्षे कॉलेजात पाऊल ठेवलेले नाही त्याच्याबद्दल तिथले शिक्षक काय लिहिणार?

बारावीच्या अपेक्षित गुणांचा प्रश्न नाजूक आहे. आयबी आणि केंब्रिजच्या शाळांत अपेक्षित गुण देण्याची पद्धत मुरलेली आहे. आपल्या मंडळांच्या कॉलेजांकडे ते मागितले की दोन टोके दिसतात : ‘आम्ही असे काही देत नाही’, किंवा सरसकट सगळ्या विषयांत ९५. दोन्ही विद्यार्थ्याला बाधतात. अपेक्षित गुण विषयवार असावेत, अकरावीचे आणि बारावीच्या सहामाहीचे गुण समोर ठेवून दिलेले असावेत, आणि ते कशावरून काढले हे एका ओळीत लिहिलेले असावे. सहामाहीत ६६ आणि अपेक्षा ९५, हे कोणीही मानणार नाही. फुगवलेल्या आकड्याची किंमत पुढच्या वर्षीच्या मुलांना मोजावी लागते, कारण त्या कॉलेजचे जुने अर्ज आणि त्यांचे अंतिम निकाल प्रवेश कार्यालयाजवळ असतात. बारावीची पूर्वपरीक्षा झाली की ते गुण जानेवारी-फेब्रुवारीत मध्यवर्षीय अहवालातून कळवायचे असतात. हा अहवाल आपल्याकडून बऱ्याचदा जातच नाही.

शाळाशाळांच्या गुणांत एवढी तफावत असल्यामुळे काही कॉलेजे समान मोजपट्टी म्हणून सॅट या १६०० गुणांच्या प्रवेश परीक्षेकडे परतली आहेत. एमआयटीने २०२२ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तसाच निर्णय जाहीर केला. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र सॅटचे गुण प्रवेशासाठी पाहतच नाही. तिथे मुख्य मदार शाळेतल्या नोंदींवर. जेईईतला क्रमांक अर्जात लिहायला हरकत नाही, पण अकरावीच्या रिकाम्या रकान्याची जागा तो घेऊ शकत नाही.

अकरावीचे गुण ‘सांभाळून घेऊ’ असे म्हणणारे एजंट गावोगावी भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे, हे कळकळीने सांगतो. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात बनावट कागदपत्रांवर शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळवलेल्या एका भारतीय विद्यार्थ्यावर २०२४ मध्ये फौजदारी कारवाई झाली, त्याचा प्रवेश गेला आणि त्याला भारतात परतावे लागले. मंडळाचे गुण आज डिजिलॉकरवरून पडताळता येतात, शाळेला थेट ईमेल करून विचारणा होऊ शकते. खरे ६१ गुण आणि त्यामागचे खरे कारण अतिरिक्त माहितीच्या रकान्यात लिहिलेले अर्ज स्वीकारले जातात. घरातले आजारपण, शाखा बदलणे, माध्यम बदलणे ही कारणे चार-पाच वाक्यांत, तारखांसह, शाळेच्या दुजोऱ्याने सांगता येतात.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला म्हणजे बारावीची परीक्षा संपली, असेही नाही. प्रवेश सशर्त असतो. निकाल लागल्यावर अंतिम अहवाल आणि मंडळाची गुणपत्रिका शाळेकडून जावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टसाठीची मुदत १ जुलै आणि परीक्षांच्या अधिकृत निकालांसाठी १५ जुलै आहे. आधी स्वतः भरलेले गुण आणि अधिकृत कागद यांत तफावत निघाली किंवा गुण फारच घसरले, तर दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो. दोन-चार टक्क्यांच्या फरकाने असे होत नाही; एखाद्या विषयात नापास होणे किंवा सगळ्याच विषयांत मोठी घसरण होणे, ही धोक्याची पातळी.

या पत्राद्वारे राज्य मंडळाला आणि ज्युनियर कॉलेजांच्या प्राचार्यांना एक विनंती आहे. सीबीएसई किंवा आयबीच्या महागड्या शाळांत काउन्सिलरची स्वतंत्र खोली असते, म्हणून तिथल्या मुलांचे कागद नीट जातात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित कॉलेजात तितकाच हुशार विद्यार्थी लिपिकाच्या टेबलापाशी अडतो. मंडळाने इंग्रजीत दोन पानांचे एक अधिकृत पत्रक काढून संकेतस्थळावर ठेवावे : उत्तीर्णतेची रेषा आणि श्रेणी, सर्वोत्तम पाचाचा नियम, वाढीव गुण, प्रथम व तृतीय भाषेतला फरक, अकरावी-बारावीच्या गणित-विज्ञानाचा थोडक्यात आशय, अकरावीची परीक्षा मंडळ घेत नाही ही नोंद, आणि मागील तीन वर्षांत प्रत्येक विषयात किती विद्यार्थ्यांना ९० च्या वर, ८० च्या वर गुण मिळाले त्याचा तक्ता. मंडळाकडे ही सगळी माहिती आहेच. कॉलेजांनी त्याला आपले एक पान जोडले की प्रोफाइल तयार होते, आणि उपप्राचार्यांपैकी एकाकडे हे काम नावानिशी सोपवता येते. लवकरच्या फेरीसाठी शाळेचे कागद ऑक्टोबरमध्ये जायला हवेत, त्यामुळे हे पत्रक जुलैअखेर कॉलेजांच्या हाती पडावे.

आपला,
शैक्षणिक कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक